चहाचा चौकोन

बाबा गेले तेव्हा माझ्या वाट्याला तीन खोकी आली. तिन्हींत सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ती प्रचाराच्या, पत्रिका होत्या. चार पानी, घडीच्या, फिक्या गुलाबी नाहीतर फिक्या हिरव्या कागदावर छापलेल्या. बाबा त्या अकोल्याच्या स्टँडवर, अकोटच्या बाजारात, सलूनच्या बाकड्यावर, कुठंही वाटत. उरलेल्या घरी परत येत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. माझ्या वह्यांना कव्हर त्यांचं, डब्यातली पोळी त्यांच्यात गुंडाळलेली, आणि कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखालची घडीही त्यांचीच. प्रत्येक पत्रिकेच्या पहिल्या पानावर प्रश्न असे, दुसऱ्यावर पापी माणूस, तिसऱ्यावर अपघात किंवा आजार, आणि चौथ्यावर उत्तर. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला चार पानं पुरतात अशी माझी लहानपणीच खात्री झाली होती. ज्यांना पाचवं पान लागतं त्यांच्याबद्दल मला संशय वाटायचा.

ही खात्री घेऊन मी अमरावतीला शिकले, तिथंच नोकरीला लागले, आणि दर शनिवारी अकोल्याला घरी येऊन आमच्या मंडळीला सुधारू लागले. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. सुधारायला जागा भरपूर होती.

भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे दिवस आम्ही उपासकाळ म्हणून पाळतो. पाळतो म्हणजे प्रत्येक जण काहीतरी सोडतो, आणि काय सोडलं ते सगळ्यांना कळेल याची काळजी घेतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही वडील म्हणतो; अशा एका वडिलांनी मटण सोडलं होतं. त्यांच्या घरी त्या काळात सोयाबीनच्या वड्या मटणाच्या मसाल्यात शिजत, वर बोटभर तर्री तरंगत असे, आणि वास गल्लीच्या तोंडापर्यंत येई. वडील म्हणत, "देहाले मारावं लागते, बाई." गाणाऱ्यांच्या गटातल्या एका मुलीनं मोबाइलवर स्टेटस ठेवणं सोडलं, आणि तसं स्टेटस ठेवलं. एका काकांनी गोड सोडलं. ते डॉक्टरनं आधीच बंद केलं होतं, पण श्रेय प्रभूला दिलं गेलं.

हे बघून मी एक कार्ड तयार केलं. एका बाजूला तारखा, वर सात रकाने: पहाटे पाचला प्रार्थना, वचनाचा पाठ, राग नाही, खोटं नाही, चुगली नाही, मोबाइल एकच तास, चहा नाही. रोज रात्री झोपण्याआधी चौकोनात टिक करायची. शनिवारी कार्ड चर्चमध्ये आणून दाखवायचं. ज्याचं कार्ड पूर्ण भरेल त्यानं ईस्टरच्या नऊच्या उपासनेत पुढे उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. कार्ड मी आधी आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, दाखवलं.

पाळकसाहेबांनी कार्ड चष्मा वर करून पाहिलं. म्हणाले, "उपासकाळाचे दिवस चाळीस. तुझ्या कार्डावर सेहेचाळीस आहेत."

"रविवार धरलेत, साहेब."

"रविवार धरत नाहीत. तो आनंदाचा दिवस. देवानं सुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला."

"सहा दिवस काम करून घेतला, साहेब. आपण काय केलं?"

ते भांडकुदळ नाहीत. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. "अन् चहा? मी घरभेटीला जातो तेव्हा लोकांनी मला द्यायचं काय?"

"पाणी," मी म्हणाले.

मटण आठवड्यातून एकदा सुटतं, चहा दिवसातून सहा वेळा सोडावा लागतो, म्हणून मी चहाच निवडला होता. मला सोपं पावित्र्य नको होतं. सेहेचाळीस दिवस गुणिले सात, तीनशे बावीस चौकोन. दहाव्या दिवशी मी माझी साक्ष लिहूनसुद्धा काढली. बरोबर चार पानं झाली.

आईलाही मी कार्ड दिलं. आई महिन्याभरापूर्वीच निवृत्त झाली होती. हिवरखेडच्या अलीकडच्या एका गावात तीस वर्षं ती उपकेंद्राची नर्स होती, आणि सगळं गाव तिला नर्सबाई म्हणे. दिवसाला सहा कप चहा पिणारी बाई. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटून पाहिलं, आणि फ्रीजच्या दारावर चुंबकानं लावलं. तीस वर्षं तिनं सरकारी रजिस्टरं भरली होती. कोऱ्या चौकोनाची तिला सवय नव्हती.

आईच्या कपाबद्दल आता सांगायला हवं. ती घरोघर बाळंतपणं आणि लसीकरणं करत फिरायची तेव्हा तिच्या पिशवीत बीपीचं मशीन, कापूस, हातमोजे आणि एक स्टीलचा दांडीचा कप असे. लहानपणी मला वाटायचं, थर्मामीटरसारखा हा कपही नर्सला सरकारकडून मिळतो. पुढे कळलं की गावातल्या शेतकऱ्यांच्या घरी तिला चहा बाहेर ओट्यावर मिळतो, वरून ओततात, आणि कप तिचा तिनं आणायचा असतो. आमच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता, पण त्याआधीची आमची जात गाव विसरलं नव्हतं. चहा पिऊन ती कप नळावर स्वतः विसळायची आणि कापसानं पुसून पिशवीत टाकायची.

"आपला कप असला की कोनाले अवघड वाटत नाई," ती म्हणायची.

मी कॉलेजात असताना या कपावर एक जळजळीत लेख लिहिला होता. आईनं तो वाचला आणि म्हणाली, "चांगलं लिवलं. पन त्यातलं कोनी तुले कधी चहा देल्ला नाई, मंग तुले कसं मालूम कसा लागते?"

गावातलं सर्वांत मोठं घर एका म्हातारीचं होतं. कापूस, तूर, ओलिताचं शेत, दारात ट्रॅक्टर. तिच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं आईच्या हातची. दुसरं तर आडवं आलेलं, पावसात, गाडी मिळेना, आईनं रात्रभर झुंजून दोघांना वाचवलं. तरी सकाळी चहा ओट्यावरच. आई निवृत्त होऊन अकोल्याला आल्यावर त्या सुनेचा फोन आला. म्हणाली, "बाई, आमच्या सासूबाईनं तुमाले चहाले बलावलं. घरात." थोडी थांबून पुन्हा म्हणाली, "घरात, म्हनल्या."

आईनं फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभी राहून स्वच्छ भांडी पुन्हा पुसत राहिली. तिला ते निमंत्रण किती हवं होतं हे मला त्या भांड्यांवरून कळायला हवं होतं.

आम्ही एका रविवारी गेलो, उपासना आटपून, घरी जेवून. माझ्या कार्डातला रविवार, जो पाळकसाहेब काढून टाका म्हणत होते, तोच. निघताना आईनं पिशवी घेतली नाही, साधी पर्स घेतली. तीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या गावात कपाशिवाय जात होती.

म्हातारी दारातच उभी होती. "या ना वो नर्सबाई. आत या."

आई सवयीनं ओट्यापाशी थांबली.

"तिथं नाई. आत," म्हातारी म्हणाली.

पुढच्या खोलीतल्या प्लास्टिक चढवलेल्या सोफ्यावर तिनं आम्हाला बसवलं नाही. सरळ स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत नेलं, जिथं घरची माणसं बसतात. "जेवल्या का?"

"हो मावशी, जेवूनच निघालो," आई म्हणाली. "वांग्याची भाजी होती."

सून ट्रे घेऊन आली. शोकेसमधले कप होते, पांढरे, निळ्या फुलांचे, तिच्या लग्नातल्या सेटमधले. चार कप, चारही सारखे. आईचा हात ट्रेच्या कडेपर्यंत गेला होता.

"आजी," मी म्हणाले, "आम्ही चहा घेत नाही. आमचा उपास आहे."

आम्ही, म्हणाले मी. आईचा हात मागे आला आणि पदराची घडी सारखी करू लागला.

"उपासाले चहा चालते," म्हातारी म्हणाली.

"आमच्या उपासाला नाही चालत."

"अन् वांग्याची भाजी चालते?"

मी म्हणाले, "चालते."

म्हातारीनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं ट्रेकडे. "म्हंजे जेवाचं, अन् चहा नाई प्याचा. हा कोन्ता उपास हाये बाप्पा? साठ वर्सं झाले मी उपास करून राहिली. एकादशी केली, चतुर्थी केली, सोळा सोमवार केले. उपासाले फराय नसला तरी चहा रायतेच. चहानं कोनाचाच देव बाटला नाई."

इथं माणसानं गप्प बसावं. पण मी पत्रिकांवर वाढलेली मुलगी, पुरावा दिल्याशिवाय मला राहवत नाही. मी बॅगेतून माझं कार्ड काढून सुनेच्या हातात दिलं. ती बारावी शिकलेली होती. तिनं एकेक रकाना मोठ्यानं वाचला. चहा नाही, हे शेवटी आलं. मग मागच्या एका रकान्यावर बोट ठेवून ती सासूला म्हणाली, "आई, राग नाई, असंबी लिवलं हाये इथं."

"नाई कसा. हाये ना राग," म्हातारी म्हणाली. "अन् असालेच पायजे." मग माझ्याकडे न बघता ती आईला म्हणाली, "तुमच्या पोरीचं बरोबर हाये, बाई. तीस वर्सं आमी कप देल्ला नाई, आता तुमी घेत नाई. बरोबरीचं झालं."

"तसं नाई, मावशी," आई म्हणाली. तिनं हात पदरातच ठेवला. कप उचलला असता तर मी खोटी पडले असते, आणि चार माणसांत मला खोटं पाडून तिला तो चहा प्यायचा नव्हता. चहावर साय धरली. सून ट्रे उचलून आत घेऊन गेली. चारही कप, तसेच.

परतीच्या एसटीत आई अकोटपर्यंत एकच वाक्य बोलली, "खिडकी लाव, झळ येऊन राह्यली." घरी आल्यावर तिनं पाणी प्यायलं, फ्रीजवरचं कार्ड काढलं आणि त्या दिवसाच्या सातही चौकोनांत शांतपणे टिक केली.

"आई, चुकलं का माझं?"

"टिक केली मी," ती म्हणाली. "आज खरा उपास झाला माहा. इतके दिवस नुसता चहा सोडला होता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली असती तर तिचा एक तरी चौकोन कोरा राहिला असता.

मीही माझं कार्ड भरलं. प्रार्थना, टिक. वचन, टिक. राग नाही, टिक. अमरावतीला परतल्यावर आठवडाभर ती टिक मला खुपत राहिली. कारण ट्रे समोर आला तेव्हा मला काय वाटलं होतं ते मला ठाऊक होतं. मला बरं वाटलं होतं. तीस वर्षं आईला बाहेर बसवणाऱ्या घराला मी आत बसून नाही म्हणत होते, आणि तेही इतक्या पवित्र कारणानं की मला कोणी बोलू शकणार नव्हतं. बाबांच्या पत्रिकांतल्या पापी माणसाच्या हातात नेहमी बाटली असायची, नाहीतर पत्ते. पेन घेऊन टिक करत बसलेला पापी माणूस तीन खोक्यांत एकदाही आला नव्हता. सूड घ्यायचाच होता तर माझा मी घ्यायचा. मी तो आईचा कप वापरून घेतला.

आईला म्हणाले, आपण पुन्हा जाऊ. ती म्हणाली, "बलावल्याशिवाय नाई." त्या विषयावर ती एवढंच बोलली. मग पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी मी रजा टाकली आणि अमरावतीहून अकोट, अकोटहून पुढे अशी एकटीच गेले. पारा बेचाळीसच्या वर होता.

म्हातारी ओट्यावर जुनेरावर कुरड्या वाळत घालत होती. मला पाहून तिनं हात थांबवला नाही.

"आजी, माझं चुकलं. चहा द्या," मी म्हणाले. कुणाच्या दारात उभं राहून चहा मागणं आमच्या घरी निर्लज्जपणाचं समजतात. मी ते करायचंच ठरवून आले होते.

"काऊन? उपास सुटला?"

"नाही. मोडायला आले."

"मोडाले माह्यंच घर सापडलं तुले? ते पाप माह्या चुलीवर नोको." तिनं एक कुरडई नीट गोल केली. "अन् तो कप तुहा नव्हताच. तुह्या मायचा होता. तिच्यासाठी काढला होता."

"तुम्ही म्हणालात ते खरं होतं. थोडा राग होता माझ्या मनात."

"थोडा?"

"बराच."

"हं. आता बोलली." मग तिनं मला उलथनं दिलं. "त्या कडच्या कुरड्या पलटव. तुटू नोको देऊ."

तासभर मी उन्हात कुरड्या पलटवल्या. सात तुटल्या. त्या तिनं मोजल्या आणि प्रत्येकीला एकेक वाक्य बोलली. सून हसू दाबत आत-बाहेर करत होती. शेवटी म्हातारीनं मला माठातलं पाणी दिलं, आणि विचारलं, "तुमचा उपास सुटते कवा?"

"रविवारी. ईस्टरला."

"मंग मायले घेऊन ये. पारनं इथंच करा." पारणं म्हणजे उपास सोडतानाचं पहिलं अन्न. ते दुसऱ्याला आपल्या घरी घालणं तिच्या हिशेबी पुण्याचं काम. "सकायीच या. पारनं सकायचं रायते."

"रविवारी सकाळी नऊला चर्च असतं, आजी. वर्षातला सर्वांत मोठा दिवस."

"तुमचा देव एकाच ठिकानी बसून रायते काय दिवसभर?"

हा प्रश्न पहिल्या पानावर छापण्यासारखा होता. मी निमंत्रण घेऊन, पण चहा न पिताच परतले. गुरुवारच्या चहाच्या चौकोनात मला प्रामाणिकपणे टिक करावी लागली. सबंध उपासकाळात एवढी नाइलाजाची टिक मी केली नव्हती.

शनिवारी रात्री कार्डं गोळा झाली. मंडळीत कार्डं फार जणांची टिकली नव्हती. गाणाऱ्या मुलीचं पहिल्या आठवड्यातच हरवलं होतं. मटणवाल्या वडिलांनी चुगलीचा रकाना 'लागू नाही' असं लिहून सरळ रेघेनं बंद केला होता. पूर्ण भरलेली कार्डं दोनच, आईचं आणि माझं. मी पेन मागितलं आणि त्या रविवारच्या राग नाही आणि खोटं नाही या दोन टिका खोडल्या. आम्ही कुठं जाऊन काय करून आलो तेही थोडक्यात सांगितलं. पाळकसाहेबांनी कार्ड चष्मा वर करून पाहिलं. म्हणाले, "रविवारच होता ना हा?"

"हो, साहेब."

ते भांडकुदळ नाहीत. त्यांनी कार्ड मला परत दिलं. मग आईकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचं एकटीचं पूर्ण आहे. उद्या साक्ष तुमची."

"मले उद्या गावाले जायचं हाये," आई म्हणाली. "पहाटेची उपासना करून निंगतो आमी."

"ईस्टरला? कशाला?"

"चहाले," आई म्हणाली.

पहाटेच्या उपासनेत आम्ही अंधारात मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो, उजाडताना गायलो, आणि पावणेसातची एसटी धरली. माझी चार पानी साक्ष घरीच राहिली. नऊच्या उपासनेत साक्ष त्याच वडिलांनी दिली असं नंतर कळलं. विषय मटण होता आणि वेळ पाऊण तास.

गाडी गचके खात होती. आईच्या मांडीवरच्या पर्समधून बारीक टणटण येत होती. मी हात लावून पाहिलं. स्टीलचा कप होता.

"आई, हा कशाला?"

"असू दे," ती म्हणाली. "मागच्या खेपेले नेला नाई, तर काय झालं पाह्यलं ना."

मी पर्सवरचा हात काढून घेतला.

म्हातारीनं या वेळी 'आत या' असं म्हटलं नाही. आईनं चपला काढल्या आणि ती स्वतःच आत गेली, त्याच खोलीत. पर्स तिनं मांडीवर ठेवली, पण उघडली नाही. तेच निळ्या फुलांचे कप आले. सोबत शिरा होता. आईनं डोळे मिटून क्षणभर प्रार्थना केली. तेवढा वेळ म्हातारीनंही हात थांबवले. मग आईनं कप उचलला. सगळे बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते.

आईनं घोट घेतला. सेहेचाळीस दिवसांनंतरचा पहिला.

"कसा झाला?" म्हातारीनं विचारलं.

मी आईकडे पाहिलं. खोटं नाही या रकान्यात तिच्या सेहेचाळीस टिका होत्या, आणि त्या सगळ्या खऱ्या होत्या.

"साखर लय झाली," आई म्हणाली.

सुनेचा हात तोंडावर गेला. म्हातारीनं आपला कप खाली ठेवला. "तीस वर्सं असाच करून राहिलो आमी. मंग आतापावतर काऊन नाई सांगतलं?"

"तवा मी ओट्यावर होती, मावशी."

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला आणि बंद पडला. म्हातारीनं गुडघ्यावर हात टेकला, उठली, आणि सुनेला बाजूला सारून स्वतः गॅसपाशी गेली. पातेल्यात नवीन पाणी घातलं, आणि साखरेचा डबा हातात घेऊन तशीच मागे वळली.

"किती टाकू?"

"अर्धा चमचा," आई म्हणाली. "अन् अद्रक असन तर."

"हाये. काऊन नसन?"

मला कोणी काही विचारलं नाही. माझा कप पहिल्या पातेल्यातलाच होता, अगदी पाकासारखा. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याले आणि साखरेबद्दल एक अक्षर बोलले नाही.